गावपळणीतलं पाणी

समुद्र कुणाच्या बापाचा नसतो, तो सगळ्यांचा असतो, असं मी भर दुपारी, घोटाभर चिखलात उभा राहून, छाती भरून म्हणालो.

"तसं नाही हो, गिरकर सर," होडीतले साहेब नम्रपणे म्हणाले. "मधला वाळूचा दांडा आणि पलीकडचा काठ आमच्याकडे. काठावरची झाडं वनवाल्यांकडे. पाणी आमच्याकडे, पण त्यातला मासा मत्स्यवाल्यांकडे. आणि तुम्ही उभे आहात तो चिखल..." त्यांनी मांडीवरचा नकाशा फिरवून पाहिला. "तो आमच्या पाहणीतच नाही."

माझ्या मागे आमचा अख्खा गाव उभा होता. साडेचारशे माणसं, त्यांची गुरं, कोंबड्या आणि कुत्री.

"साहेब, ही सगळी माणसं ह्या खाडीवर जगतात."

"दिसतायत ना," साहेब म्हणाले. "माणूस म्हणून मी ते मान्य करतो. पण पाहणी खारवणे गावच्या हद्दीत करायचीय, आणि खारवण्यात तर कुणी नाही."

ते खरं होतं. खारवण्यात कुणी नव्हतं. गावपळण चालू होती.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. दर तीन वर्षांनी, मार्गशीर्षात, ग्रामदेव रवळनाथाचा कौल घेऊन आमचा गाव उठतो आणि शिवेबाहेर जाऊन राहतो. तीन दिवस, तीन रात्री. अंथरुणाला खिळलेला म्हातारा असेल तर त्यालाही खुर्चीत घालून नेतात. गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही. देवळाची घंटा, शाळा, पिठाची गिरणी, कारखान्याचा भोंगा, सगळं गप्प. ते तीन दिवस गाव देवाचा. त्या दिवसांत कुणी नुसतं 'माझं घर' असंही म्हणायचं नाही. म्हटलं तर देव ते खरं धरतो आणि बोलणाऱ्याला तिथेच ठेवून घेतो, असं म्हणतात. ठेवून घेतलेला माणूस कुणी पाहिलेला नाही, पण म्हणून कुणी करूनही पाहिलेलं नाही.

आमचा मुक्काम खाडीच्या अलीकडे, शेजारच्या गावच्या माडांच्या बागेत असतो. झावळ्यांच्या खोपी, कोंबडी-वडे, पत्ते, भजनं. लहानपणी मला वाटायचं, गाव ह्याच्यासाठीच असतो. अधूनमधून सोडून जाण्यासाठी.

मी तेव्हा हायस्कुलात नागरिकशास्त्र शिकवायचो. नागरिकाचे हक्क दरवर्षी पोरांकडून पाठ करून घ्यायचो आणि त्यांतला एखादा वापरून बघावा असं मला नोकरीच्या सातव्या वर्षी वाटलं. कारण होती माझी काकी.

द्वारकाकाकी तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या शिंपल्या, काढायची. ओहोटीला खाडीच्या मधोमध वाळूचा दांडा उघडा पडतो. तिथे खुरप्यानं उकरून टोपली भरायची आणि ती डोक्यावर घेऊन बाजार गाठायचा. काका गेल्यावर तिनं तेवढंच केलं. माझी बी.ए.ची पदवी त्याच टोपलीतून आली. पदवीला अजून वास येतो असं ती म्हणायची.

मग तिसऱ्यांनाच वास यायला लागला. आधी थोडा, कुजक्या तेलासारखा. मग बाजारातलं गिऱ्हाईक टोपलीवर वाकायचं आणि सरळ व्हायचं. एका खानावळवाल्यानं, जो तिच्या हातच्या तिसऱ्या वीस वर्षं घेत होता, टोपली गटारात ओतली आणि वर पाणी मागून हात धुतले. काकी त्या दिवशी रिकामी टोपली घेऊन माझ्या पडवीत आली.

"येशा, तू नागरिकशास्त्र शिकवतंस मां?"

"व्हय."

"मगे सरकार खंय रवता ता तुका म्हायत असतला. तेका सांग, एकदा येवन वास घे."

वास कुठून येत होता ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. खाडीच्या वरच्या अंगाला, गावच्या हद्दीतच, मासळीची भुकटी आणि तेल काढायचा कारखाना होता आणि त्याचं लालसर पाणी पाइपातून खाडीत यायचं. पण आमच्या गावातली ऐंशी माणसं त्या कारखान्यात कामाला होती. त्यामुळे ग्रामसभेत ठराव झाला तेव्हा सरपंचांनी मी लिहिलेला 'कारखान्याच्या पाण्यामुळे' हा शब्दप्रयोग खोडला आणि तिथे 'अज्ञात कारणामुळे' असं घातलं. "कारण शोधूक साहेबांका पगार आसा," ते म्हणाले. "तेंचा काम तेंका करूंदे." मला ते पटलं. तसंही वास येतो हे खोडलेलं नव्हतं.

अर्ज केले, आठवण दिली, आठवणीची आठवण दिली. तिसऱ्या वर्षी समिती नेमली गेली. खाडीचं राखीव क्षेत्र करायचं सरकारच्या मनात होतंच. त्याआधी समिती दोन गोष्टी बघणार होती. पाणी कसं आहे, आणि त्या पाण्यावर कोण जगतं. ज्याची नोंद होईल त्याला राखीव क्षेत्रातही आपला धंदा करता येणार होता. काकीला मी हे समजावलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे माजा नाव लिवतले?" मी हो म्हटलं. तिचं नाव तोवर मतदारयादीत आणि काकांच्या मृत्यूच्या दाखल्यावर, एवढंच लिहिलेलं होतं.

मग समितीची तारीख आली. गावपळणीचा मधला दिवस.

मी गावचे मानकरी आपा परब ह्यांच्याकडे गेलो. देवाचं सगळं त्यांच्याकडे असे. ते सुपारी कातरत बसले होते.

"आपानू, गावपळण चार दिस फुडे ढकलूक जमतली काय?"

"कित्याक?"

"समिती येता."

आपांनी अडकित्ता खाली ठेवला. "येशवंता, तू शिकलेलो मनीस. माका सांग, देवाक टपाल खंयच्या पत्त्यार जाता?"

"तसा नाय, आपानू. देव दर तीन वर्सांनी आसाच. समिती जन्मात एकदाच येतली."

"मगे जन्मात एकदा येता तेका चार दिस थांबूक काय झाला?"

हा मुद्दा मी तालुक्याहून फोन लावून समितीच्या साहेबांना, म्हणजे त्या होडीतल्या साहेबांनाच, सांगितला. साहेबांचं नाव मोहोळकर. देशावरचे, मृदू, पक्ष्यांवर जीव असलेले. ते म्हणाले, "सर, कचेरीची वेळ, होडी आणि ओहोटी, तिन्ही एकाच दिवशी जुळायला लागतात. तो दिवस आम्ही पंचांगासारखा काढलाय. तो हलत नाही." मी म्हटलं, आमचाही तसाच काढलाय. "मग तुम्हाला अडचण कळेलच," साहेब म्हणाले, आणि त्यांना खरंच बरं वाटल्यासारखं वाटलं.

तरी आपांनी माझ्याखातर गुरवाला कौल लावायला लावला. मूर्तीला तांदूळ लावले. डावीकडचा पडला. देव तयार नव्हता. दोन्हीकडून 'नाही'च आलं, फक्त देवाकडून फोनचा खर्च न होता आलं.

तर असे आम्ही सगळे शिवेच्या अलीकडच्या चिखलात, आणि साहेब होडीत. सोबत एक होडीवाला आणि एक बाटल्यावाला. ओहोटी लागली होती. होडीच्या पलीकडे दांडा हळूहळू वर येत होता आणि दांड्यापलीकडे आमचा गाव, माणसांशिवाय नीटनेटका दिसत होता.

"शीव खंय आसा?" काकीनं मागून विचारलं. ती केव्हा येऊन उभी राहिली मला कळलं नाही. कमरेला खुरपं होतं.

"ही. पाण्याची कड."

"आणि साहेबाची?"

"तीच."

काकीनं दोन्ही बाजूंना बघितलं. मग लुगडं वर खोचलं.

"खंय जातंस गो, द्वारके?" आपा ओरडले.

"दांड्यार."

"आज? गावपळणीत? पाय घालू नको हां! देवाची शीव आसा!"

काकी वळली. ती आपांच्या तोंडावर आयुष्यात पहिल्यांदाच बोलत असावी. "आपानू, मी खंयसून पोट भरतंय ता देवाक म्हायत आसा. तो समजान घेतलो. साहेब समजान घेवचो नाय."

आणि तिनं पाण्यात पाय घातला.

साडेचारशे माणसं एकदम श्वास घेतात तेव्हा कसा आवाज होतो ते मी त्या दिवशी ऐकलं. मीही पुढे झालो, तर आपांनी माझा दंड धरला. "बाईमाणूस एकटा गेला, देव डोळो झाकीत. तू मास्तर. तुज्या मागसून अख्खी शाळा पाण्यात जायत." मागे बघितलं तर सातवीतली पोरं चपला काढून तयारच होती. मी थांबलो.

खाडी तिथे अरुंद आहे. दांड्यावर बोललेलं काठावर ऐकू येतं. साहेबही होडीतून उतरले, बूट हातात घेऊन, पाय जपून टाकत. त्यांना काकीला बघून आनंद झाला. समितीला हद्दीत माणूस सापडला होता.

"या, काकी. तुमचंच ऐकायचं होतं. काय त्रास आहे?"

"मी कशाक सांगू? तिसरे सांगतले." काकी खाली बसली आणि उकरायला लागली. तिच्या हाताला सवय होती. साहेबांनी चष्मा पुसेपर्यंत ओंजळभर निघाल्या. तिनं एक खुरप्याच्या टोकानं उघडली आणि साहेबांपुढे धरली. "घ्या. तोंडात घालू नकात. निस्तो वास घेवा."

साहेबांनी वाकून वास घेतला. नीट, डोळे मिटून. माणूस प्रामाणिक होता.

"छान आहे," ते म्हणाले.

"काय?"

"समुद्राचा वास येतोय. ताजा."

काकीनं ती शिंपली आपल्या नाकाशी नेली. मग खाली ठेवली. दुसरी उघडली. तिनं आधी स्वतः वास घेतला, मग ती साहेबांना दिलीच नाही. तिसरी. चौथी. ती आता साहेबांकडे बघत नव्हती. जागा बदलली, दांड्याच्या दुसऱ्या टोकाला गेली, कोपरापर्यंत हात घालून खालच्या काढल्या. उघडायची, नाकाशी न्यायची, ठेवायची. एवढ्या जवळून कुणाला असं काही शोधताना मी बघितलेलं नाही. जे सापडू नये म्हणून तिनं तीन वर्षं देव पाण्यात घातले होते ते ती शोधत होती.

"असू दे, काकी," साहेब हळूच म्हणाले. "असं होतं. वास मनात बसतो."

"मनात नाय ओ, साहेब. माज्या तिसऱ्यांत बसलो होतो." तिचा आवाज बारीक झाला. "परवा होतो. परवापर्यंत होतो."

बाटल्यावाला बाटल्या भरत होता. पाणी इतकं नितळ होतं की त्याचे पाय घोट्याखालीही दिसत होते.

साहेबांनी वही काढली. त्यांना तिच्यासाठी काहीतरी करायचं होतं, हे मी शपथेवर सांगेन. "बरं, दुसरं काम करू. तुमची नोंद घेऊ. तुम्ही इथेच राहता ना?"

काकी उभी राहिली. तिच्यासमोर, खाडीपलीकडे, माडांमधून तिच्या घराची कौलं दिसत होती. पुढच्या पावसाळ्याआधी शाकारायला हवी अशी छपराची एक पाखी इकडूनही कळत होती. तिच्या पाठीमागे आम्ही सगळे. तिनं एक नेम मोडला होता. दुसरा तिच्या जिभेवर होता.

"काकी?"

"आज नाय," काकी म्हणाली.

"म्हणजे?"

"आज हंय कोण रवणत नाय, साहेब. आज हो गाव देवाचो."

"कुठल्या देवाचा? म्हणजे देवस्थानची जमीन आहे का?"

"सगळोच तेचो."

साहेबांनी काहीतरी लिहिलं. "आणि ह्या तिसऱ्या कोण काढतं?"

काकीनं हातातल्या खुरप्याकडे पाहिलं. "आज कोण नाय," ती म्हणाली. "परवा येवा मां, साहेब. परवा सांगतंय. सगळा सांगतंय. माजा नाव सांगतंय."

"परवा आम्ही दुसऱ्या खाडीत आहोत हो," साहेब म्हणाले, आणि त्याच क्षणी त्यांची मान वर गेली. गावावरून एक समुद्रगरुड पांढरं पोट दाखवत गेला आणि उघड्या पडलेल्या किनाऱ्यावर उतरला. आमच्या किनाऱ्यावर, जिथे एरवी पोरं दगड घेऊन असतात. साहेब कितीतरी वेळ बघत राहिले. जाताना त्यांनी काठाकडे हात केला. "फार सुंदर जागा आहे तुमची! जपा!"

काकी पाण्यातून एकटीच परत आली. तिला वर ओढून घ्यायला मी हात दिला. बाकी माणसं बाजूला झाली. आमच्याकडे माणसं रागावली की बोलतात, शिव्या देतात, मेलेल्यांनासुद्धा उठवून देतात. न बोलणं हे त्याच्या पुढचं असतं. त्या संध्याकाळी भजनाला टाळ कमी पडले नाहीत, पण काकीच्या खोपीसमोरून कुणी गेलं नाही.

तीन रात्री पुऱ्या झाल्या. चौथ्या सकाळी गुरवानं परत जाण्यासाठी कौल लावला. सगळे गाठोडी बांधून उभे. तांदूळ डावीकडचा पडला. पुन्हा लावला. पुन्हा डावीकडचा.

आपांनी काकीकडे बघितलं नाही, आणि ते न बघणं सगळ्यांनी बघितलं. गाठोडी पुन्हा सोडली गेली. गुरांचा पेंढा संपला होता, एकीचं तान्हं पोर तापलं होतं. उघड बोलला तो एकटा कारखान्याचा मॅनेजर, कारण तो परगावचा. तालुक्याच्या लॉजवरून तो मोटारसायकल घेऊन आला आणि आणखी एक दिवस फुकट गेला म्हणून माझ्याजवळ कपाळ बडवून गेला.

पाचव्या सकाळी उजवा कौल झाला. देवाला काकीच्या नावाचा कोंबडा कबूल केल्यावर. कोंबडा काकीचाच होता.

आम्ही घरी आलो. चुली पेटल्या. संध्याकाळी कारखान्याची चिमणी धुरायला लागली, आणि दुसऱ्या दिवशी ओहोटी सरताना काकी पडवीत आली. हातात एक उघडलेली तिसरी.

"वास घे."

मी घेतला आणि तोंड फिरवलं.

"येता?"

"येता."

"नीट सांग. माका बरा वाटूचा म्हणान सांगू नको."

"येता गो काकी. कुजक्या तेलाचो."

"मगे त्या दिवशी खंय गेल्लो?"

त्याच वेळी कारखान्याचा दुपारचा भोंगा झाला. मी भोंग्याच्या दिशेला बघितलं. काकीनंही बघितलं. आम्ही दोघं भोंगा थांबेपर्यंत तसेच राहिलो.

कारखाना बंद आहे हे त्या दिवशी चिखलात उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. ऐंशीजण तर त्यातले कामगारच होते. पण ते इतकं माहीत होतं की कुणाला आठवलं नाही. गावपळणीत सगळं बंद असतं. त्यातलं एकेक कोण मोजतो? दोन दिवस भरती आत आली, बाहेर गेली आणि खाडी धुऊन निघाली. शिंपल्याही दिवसभर पाणी ओढतात आणि सोडतात. दोन दिवसांत त्याही धुऊन निघाल्या. त्यांना कुणी थांबायला सांगितलं नव्हतं.

"माका कसा आठावला नाय, येशा?" काकी म्हणाली. "मी नाक घेवन गेलंय. डोक्या हंयच ठेवलंय."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून जिल्ह्याला गेलो. साहेबांनी चहा मागवला. अहवाल तयार होता.

"साहेब, त्या दिवशी कारखाना बंद होता."

"कुठला कारखाना?"

मी सांगितलं. त्यांनी आमचा ठराव काढून वाचला. "ह्यात कारखान्याचा उल्लेखच नाही. 'अज्ञात कारण' असं आहे."

"हो, पण..."

"आणि ते आम्ही शोधलंय," साहेब म्हणाले. आवाजात थोडा अभिमान होता.

"काय आहे?"

साहेबांना सांगणं जड जात होतं. "तुम्ही," ते म्हणाले.

मी चहाचा कप खाली ठेवला.

"बघा ना, सर. गाव नव्हता, पाणी उत्तम. इतकं चांगलं पाणी ह्या किनाऱ्यावर मी पाहिलेलं नाही. पक्षी परत आलेले. म्हणजे बिघाड करणारी गोष्ट कुठली? वस्ती. सांडपाणी, गुरं, माणसं. मुद्दाम करून बघायचं म्हटलं तरी असा प्रयोग जमला नसता. गावच्या गाव उचलून बाजूला ठेवणार कोण?"

"साहेब, गाव नव्हता म्हणजे कारखानाही नव्हता."

"कारखान्यानं सरकारला लिहून दिलंय की तो वर्षभर अखंड चालतो. आता मी कुणाचं धरू?"

"माझ्या काकीचं."

"त्या बाई तर म्हणाल्या, इथे कुणी राहत नाही." हे ते टोचून बोलले नाहीत. आठवून बोलले.

"मग पुन्हा तपासणी करा."

"तपासणी वाईट आली तर पुन्हा करतात. चांगली आल्यावर कुठल्या तोंडानं मागू?" ते थोडे पुढे झुकले. "गिरकर सर, व्यक्तिशः मला तुमचं पटतं."

"मग?"

"व्यक्तिशः मला कुणी कुठे पाठवत नाही हो."

परत आल्यावर आपांना सांगितलं. ते शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "म्हणजे सरकारान पण मान्य केल्यान, देवाच्या दिसांत पाणी शुद्ध होता." पुढच्या जत्रेत हे लाउडस्पीकरवरून सांगितलं गेलं. सरपंचांनी ऐंशी कामगारांच्या वतीनं सुटकेचा श्वास सोडला. कारखान्याला पाण्याच्या दर्जाबद्दल समाधान व्यक्त करणारा कागद मिळाला, तो मॅनेजरनं काचेत बसवला. सगळ्यांचं काही ना काही खरं ठरलं.

वर्षभरात राखीव क्षेत्र झालं. दांड्याच्या टोकाला सिमेंटचे खांब आले आणि वर निळा फलक. हद्दीची रेघ कारखान्याचा पाइप बाहेर ठेवून, थोडी वळून गेली. नोंद झालेल्या उपजीविकाधारकांना पास मिळणार होते. नोंद झालेलं कुणीच नव्हतं. काकी पहिल्याच आठवड्यात दांड्यावर सापडली. पहारेकऱ्यानं खुरपं काढून घेतलं. पोरगा चांगला होता. टोपली परत दिली.

त्या रात्री जेवल्यावर ती पडवीत बसली होती.

"येशा, मी त्या दिवशी 'माजा' म्हटला आसता तर?"

"देवान ठेवन घेतल्यान आसता," मी म्हटलं. थट्टेनंच.

काकीनं रिकामी टोपली जवळ ओढली. मग म्हणाली, "मगे काय झाला आसता? हंयच रवली आसतंय."

पावसाळ्यानंतर ती कारखान्यात लागली. मासळी निवडायच्या फलाटावर, इतर बायकांबरोबर. पगार वेळेवर होता. ती कधी तक्रार करायची नाही; फक्त घरी आली की मला हात पुढे करून विचारायची, "वास येता काय रे?" मी म्हणायचो, येतो. "बरा," ती म्हणायची. तिला स्वतःला यायचा की नाही ते मी कधी विचारलं नाही. चार गावपळणी तिनं त्यानंतर केल्या, आणि प्रत्येक वेळी, दुसऱ्या दिवशी दुपारी, काठावर जाऊन उभी राहायची. पाणी नितळ असायचं. पाचवीच्या आधी ती गेली. तिला नेलं त्या दिवशी कारखाना चालू होता, आणि तिरडीमागून चालणाऱ्या बायकांनी पदर नाकाला लावले होते. बघणाऱ्याला वाटलं असेल, रडतायत. काही रडतही होत्या.

मोहोळकर साहेब निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात त्यांनी खारवण्याच्या समुद्रगरुडाचा उल्लेख केला, असं पेपरात आलं होतं.

गेल्या पावसात दांड्यावरचा निळा फलक गंजून पडला, म्हणून नवा बसवला. मजकूर जुनाच आहे. राखीव क्षेत्र, पाण्याचा दर्जा उत्तम, तिसऱ्या काढण्यास सक्त मनाई. त्या दांड्यावर तिसऱ्या मिळेनाशा झाल्या त्याला आता अकरा वर्षं झाली.